आमच्या कापसाच्या भावावर तडजोड करू नका : वाणिज्य भवनातील अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परदेशांशी व्यापार करारांची बोलणी करणारे भारत सरकारचे अधिकारी,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात कोरडवाहू शेती करते. कापूस, त्यात तुरीच्या ओळी, एखाद्या तुकड्यात सोयाबीन. आमच्या भागातल्या कास्तकारांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे आणि तिचे हिशेब माझ्याकडे आहेत. त्यामुळे रुई-सरकीचा भाव, न्यूयॉर्कच्या बाजारातला वायदा (कापसाच्या पुढच्या सौद्यांचा भाव) आणि डॉलरचा दर मला रोज बघावा लागतो. आपल्या फायलींत आमचा कापूस 5201 या शुल्क क्रमांकाखाली येतो. तो क्रमांक आमच्या गावात कसा दिसतो, हे आपल्याला कळावे म्हणून लिहिते आहे.

सांगायचे आहे ते एवढेच. श्रीमंत देशाने आपल्या शेतकऱ्याला पैसे दिले तर तो त्याचा हक्क, आणि आपण आपल्या शेतकऱ्याला हमीभाव दिला तर तो नियमभंग, असा हिशेब तीस वर्षांपूर्वी कागदावर आला. तो आपण अजून मान्य करत आलो आहोत. वरून दबाव आला की त्याची भरपाई कापूस पिकवणाऱ्याच्या खिशातून होते.

2025 च्या ऑगस्टमध्ये काय झाले ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी आमच्या बाजूने सांगते. पोळा दोन-तीन दिवसांवर होता. डवरणी आटोपली होती, पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, पात्या-फुले लागली होती, युरियाचा दुसरा हप्ता उधारीवर आणून टाकला होता. म्हणजे ज्याला जो खर्च करायचा तो करून झाला होता, मागे फिरायला जागा नव्हती. त्याच आठवड्यात मोबाइलवर बातमी आली की परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून काढले. आधी सांगितले 30 सप्टेंबरपर्यंत. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर बसवला तो 27 ऑगस्टला. दुसऱ्याच दिवशी आपल्याकडची शुल्कमाफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे आमचे वेचणीचे आणि विक्रीचे महिने. वर्षभराचे देणे याच तीन महिन्यांत फिटते. माफीची मुदत नेमकी त्यावरच येऊन बसली.

आता त्याआधीचे दीड महिने बघा. 4 जुलै 2025 ला अमेरिकेत एक मोठा कायदा सहीने पक्का झाला. त्यात सरकीसकट कापसाची, म्हणजे आपण ज्याला नुसता कापूस म्हणतो त्याची, आधारकिंमत पौंडाला 36.7 सेंटवरून 42 सेंट केली. बाजारभाव याच्या खाली गेला की फरकाची रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जाते, नोंदलेल्या क्षेत्राच्या 85 टक्क्यांवर. मी त्या 42 सेंटचे क्विंटल करून बघितले. क्विंटलमध्ये सुमारे 220 पौंड, म्हणजे साडेब्याण्णव डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या डॉलरच्या दराने आठ हजार शंभर रुपये. आपल्या सरकारने त्याच हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला जाहीर केलेला हमीभाव 8,110 रुपये. मी आकडेमोड परत केली, कारण मलाच पटेना. टेक्सासच्या शेतकऱ्याला त्याच्या सरकारने ज्या भावाची हमी दिली आणि यवतमाळच्या कास्तकाराला आपल्या सरकारने ज्या भावाची हमी दिली, ते दोन्ही आकडे जवळजवळ एकच आहेत.

फरक हमी पाळण्यात आहे. त्याचा भाव पडला तर फरक खात्यात येतो, मग माल कुठेही विकला असो. आमचा भाव पडला तर आधी ॲपवर नोंदणी, सातबारा, पीक पेऱ्याची नोंद, मग नंबर येईल त्या दिवशी सरकारी खरेदी केंद्रावर गाडी, आणि मग ओलावा. त्या हंगामात आमच्या एका सभासद बाईंची गाडी केंद्रावर होती तेव्हा मी सोबत होते. वेचणीच्या वेळी पाऊस पडून गेलेला, कापूस दोन दिवस अंगणात पसरून वाळवलेला. मालाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरने ढिगात यंत्र खुपसले, वरच्या थरात आकडा बरा आला, आत हात घालून पुन्हा खुपसले तर बाराच्या पुढे गेला. बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला की हमीभावाने खरेदी होत नाही, नियम सगळ्यांना माहीत आहे. त्या ग्रेडरशी माझे भांडण नाही, तो नियमाने वागला. पण ती गाडी परत घरी नेणे म्हणजे पुन्हा भाडे, म्हणून ती तशीच खासगी व्यापाऱ्याकडे वळली, हमीभावापेक्षा बऱ्याच कमी भावाने. व्यापाऱ्याचे म्हणणे सरळ होते : बाहेरचा माल बिनशुल्क येतो आहे, गिरणीवाला माझ्याकडून जास्त भावाने का घेईल?

हे खरे आहे म्हणूनच बोचते. भारतीय कापूस महामंडळाने आधीच्या हंगामात, 2024-25 मध्ये, रुईच्या सुमारे शंभर लाख गाठींची (एक गाठ 170 किलोची) खरेदी हमीभावाने केली. ते काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण एका खात्याने हमीभावाने कापूस घ्यायचा आणि दुसऱ्या खात्याने त्याच वेळी दार उघडून भाव पाडायचा, हे सरकारलाही परवडणारे नाही.

मला ठाऊक आहे की आपले उत्तर तिरुप्पूरचे, म्हणजे तमिळनाडूतल्या त्या कपडे शिवणाऱ्या शहराचे, असेल. 50 टक्के कराने तिथल्या आणि सुरतेच्या कामगारांच्या पोटावर पाय आला, ऑर्डरी थांबल्या, गिरण्यांना स्वस्त कच्चा माल हवा होता. त्या कामगार बायांबद्दल मला आमच्या वेचणाऱ्या बायांइतकीच आस्था आहे. पण कर लावला अमेरिकेने. त्याचा मार गिरणीला बसला. मग तो मार झेलायला कापूस उत्पादकाला पुढे का केले? गिरण्यांना व्याजात सूट देता आली असती, निर्यातदाराला तिजोरीतून मदत करता आली असती. तिजोरीतून दिले असते तर देशाने मिळून सोसले असते. शुल्क काढल्याने ते विदर्भ, मराठवाडा, तेलंगण, गुजरात इथल्या कापूस पिकवणाऱ्यांनी सोसले, आणि संसदेत त्याचा आकडासुद्धा मांडावा लागला नाही.

वऱ्हाडाला हे नवीन नाही. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडायला आल्या आणि त्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. रेल्वे आली ती कापसामागे. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीने हजर होता, यावरून त्या बाजाराचे वजन समजावे. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वेही एका ब्रिटिश कंपनीनेच बांधली, रुईच्या गाठी मुंबईला पोचवायला. युद्ध 1865 ला संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले, आणि तेजीत काढलेले कर्ज मात्र कास्तकाराच्या नावावर राहिले.

त्यापुढचा भाग आपण अधिकारी म्हणून जास्त लक्ष देऊन वाचावा असा आहे. हिंदुस्थानात येणाऱ्या परदेशी कापडावर थोडे आयात शुल्क होते. इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या भागाला, लँकेशायरला, ते खुपत होते. 1879 मध्ये व्हाइसरॉय लिटनने आपल्याच मंडळातल्या बहुसंख्य सदस्यांचा विरोध डावलून जाड्याभरड्या कापडावरचे शुल्क उडवले. देश नुकताच भीषण दुष्काळातून निघाला होता, अफगाण युद्धाचा खर्च चालू होता, तरी महसूल सोडला. 1882 मध्ये उरलेलेही गेले. 1890 च्या दशकात पैशाची निकड पडली म्हणून शुल्क पुन्हा लावावे लागले, तेव्हा बरोबरी व्हावी म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही उत्पादन शुल्क बसवले, 1896 पासून साडेतीन टक्के. ते हटायला 1925 चा डिसेंबर उजाडला. लिटनच्या मंडळात ज्यांनी विरोध नोंदवला तेही इंग्रजच होते. त्यांच्या लेखी तरी हिंदुस्थानच्या तिजोरीचे हित लँकेशायरच्या आधी होते. आज निर्णय आपल्याच माणसांच्या हातात आहे, म्हणून ऑगस्ट 2025 ची फाईल कुणाच्या मेजावरून कशी गेली आणि तिच्यावर कुणी विरोधी टिपण लिहिले का, हे आम्हाला समजायला हवे.

आता जिनिव्हाचे बोलते. तिथे मुख्यालय असलेली जागतिक व्यापार संघटना 1 जानेवारी 1995 ला सुरू झाली. शेतीच्या कराराने कुणी किती मदत द्यायची याची मर्यादा ठरवली. ती ठरवली कशी? 1986 ते 1988 या काळात जे देश भरपूर अनुदान देत होते त्यांना ते थोडे कमी करून पुढेही देण्याची मुभा मिळाली. अमेरिकेच्या वाट्याला वर्षाला 19.1 अब्ज डॉलरची मुभा आली, युरोपच्या वाट्याला 72 अब्ज युरोंची. आपण त्या काळात तेवढे देत नव्हतो, कारण देण्याएवढे होतेच कुठे? म्हणून आपल्याला तशी मुभा शून्य. आपल्यासाठी एका पिकाला त्याच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतची सूट, बस. जो आधीपासून जास्त देत होता त्याला जास्त देण्याचा परवाना, आणि ज्याच्याकडे नव्हते त्याने पुढेही देऊ नये. अडत्याच्या दुकानात काटाही त्याचा आणि वजनेही त्याचीच असावीत, तशी ही व्यवस्था आहे.

2018 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने याच काट्यावर आपला कापूस तोलला. भारत कापसाला मर्यादेपेक्षा फार जास्त मदत देतो, उत्पादनमूल्याच्या निम्म्याहूनही जास्त, अशी तक्रारवजा नोंद त्यांनी जिनिव्हात दिली. मी ती पद्धत समजून घेतली. आजचा हमीभाव घ्यायचा, त्यातून 1986-88 ची रुपयातली जुनी किंमत वजा करायची आणि आलेल्या फरकाला देशातल्या जवळपास सगळ्या कापसाने गुणायचे. त्या काळात डॉलर तेरा रुपयांच्या आसपास होता! महागाई, घसरलेला रुपया, वाढलेली मजुरी, डिझेल, सगळे त्या फरकात मदत म्हणून मोजले जाते. सरकारने प्रत्यक्ष किती गाठी विकत घेतल्या याला त्यांच्या लेखी महत्त्व नाही. ज्या कास्तकाराने आपला कापूस हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला विकला, त्यालासुद्धा क्विंटलमागे हजारो रुपयांची सरकारी मदत मिळाली असे या हिशेबात धरले जाते. आमच्या त्या सभासद बाईंची परत फिरलेली गाडीही त्यात आली.

आपण या मोजणीला आक्षेप घेतला आहे, डॉलरमध्ये हिशेब मांडला आहे, हे मला माहीत आहे. पण जोर सगळा तांदूळ आणि गव्हावर राहिला. 2013 ला बाली इथल्या संघटनेच्या मंत्री परिषदेत जे संरक्षण मिळाले (मर्यादा ओलांडली तरी खटला होणार नाही, असे) ते अन्नसुरक्षेसाठी साठवायच्या पारंपरिक अन्नधान्याला. कापूस खाता येत नाही, म्हणून तो त्या छपराबाहेर राहिला. पंजाबच्या गव्हासाठी दिल्ली जेवढी ताठ उभी राहते, तेवढी ती आमच्यासाठी कधी राहिली असे मला आढळत नाही. हे मी मत्सराने म्हणत नाही, पंजाबच्या शेतकऱ्याने ते लढून मिळवले आहे.

कापसासाठी जिनिव्हात खरोखर भांडले ते आपल्याहून कितीतरी गरीब देश. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड. आमच्यासारखाच हाताने वेचलेला कापूस, पावसावरची शेती, लहान तुकडे. 2003 मध्ये या चार देशांनी मिळून मागणी केली की श्रीमंतांनी कापसावरचे अनुदान बंद करावे, तोवर आमच्या नुकसानीची भरपाई करावी. त्या वेळी अमेरिकेत कापूस पिकवणारे सुमारे पंचवीस हजार होते आणि त्यांच्यावर वर्षाला अब्जावधी डॉलर खर्च होत होते, त्यामुळे जगभर भाव पडत होते. मेक्सिकोत कानकून इथे झालेल्या संघटनेच्या मंत्री परिषदेत या चार देशांना उत्तर काय मिळाले? मसुद्यात लिहून आले की त्यांनी इतर पिकांकडे वळावे. हे वाचून मला आमच्याकडे दरवर्षी होणारे मेळावे आठवले. आम्हालाही हेच सांगितले जाते : कापूस सोडा, फळबाग लावा, दुसरे काही बघा. पाणी कुठून आणायचे हे सांगणारा अजून भेटायचा आहे.

ब्राझील मात्र वेगळ्या वाटेने गेला. त्याने 2002 मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला, 2005 मध्ये अपिलातही जिंकला. अमेरिकेने तरी पुरेसे बदल केले नाहीत, तेव्हा 2009 मध्ये ब्राझीलला उलट निर्बंध लावायची परवानगी मिळाली, त्यात अमेरिकी कंपन्यांच्या पेटंटवर हात घालण्याचीही सोय होती. ती धमकी लागू पडली. 2010 मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 147.3 दशलक्ष डॉलर द्यायचे कबूल केले, आणि 2014 मध्ये 300 दशलक्ष डॉलर देऊन प्रकरण मिटवले. स्वतःच्या शेतकऱ्याचे अनुदान चालू राहावे म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला पैसे दिले. बुर्किना फासो किंवा मालीकडे अशी धमकी द्यायची ताकद नव्हती. तोच कायदा, तोच कापूस, पण ज्याच्या हातात उलट फटका मारायची शक्ती आहे त्यालाच न्याय मिळाला. आणि आता तोही रस्ता बुजला आहे. अपिलीय मंडळावरच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या आणि डिसेंबर 2019 पासून ते मंडळ कामच करू शकत नाही.

भारत बुर्किना फासो नाही. जगात सर्वात जास्त क्षेत्रावर कापूस आपण लावतो. ब्राझीलने दाखवलेली ताकद आपल्याकडे आहे, वापरायची इच्छा दिसत नाही.

एक हिशेब आमच्या घरचा सांगते. जुने कास्तकार सांगतात की एकाधिकार खरेदीच्या (सगळा कापूस राज्य सरकारनेच घ्यायचा, त्या योजनेच्या) सुरुवातीच्या दिवसांत, सत्तरच्या दशकात, एक क्विंटल कापूस विकला की तोळाभर सोने यायचे. माझे सासरे लग्नकार्यात हे बोलल्याशिवाय राहत नसत. 2025 मध्ये सोने तोळ्याला लाखाच्या पुढे गेले. म्हणजे हमीभाव पूर्ण हातात पडला तरी तोळ्यामागे बारा-तेरा क्विंटल. आमच्या कोरडवाहू जमिनीत दोन-तीन एकरांचे सगळे पीक. सोने ही चैन आहे असे कुणी म्हणेल, म्हणून डिझेल, पोटॅश, ट्रॅक्टरचे भाडे, कॉलेजची फी घ्या, तराजू त्याच बाजूला झुकतो. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी 1950 च्या सुमारास हेच देशांच्या पातळीवर मांडले होते : कच्चा माल विकणारा देश तेवढ्याच यंत्रांसाठी वर्षागणिक जास्त माल देत जातो.

कापसाचा शर्ट करून बघू. एक क्विंटल कापसातून चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी. सूत, कापड, कटिंग यांतली घट धरली तरी शंभरेक टी-शर्ट होतात. म्हणजे एका टी-शर्टमागे कापूस पिकवणाऱ्याला हमीभावानेही ऐंशी रुपये, आणि त्यातच सरकीचे पैसे आले. त्यात बियाणे, खत, फवारणी आणि वेचाई. वेचणाऱ्या बाईला किलोला दहा-बारा रुपये. दिवसभर ओटी बांधून, बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटेपर्यंत वेचले तर चाळीस-पन्नास किलो होतात, तेही पहिल्या-दुसऱ्या वेचणीत. तोच टी-शर्ट परदेशातल्या दुकानात वीस डॉलरला गेला तर सतराशे रुपयांहून जास्त झाले. आणि हे सगळे कापड इथेच करून विकावे म्हटले तर तिथेही दार बंद होते. 1962 पासून सुती कापडाच्या आयातीवर आणि 1974 पासून बहुतेक सगळ्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी कोटा लावला होता. तो 1 जानेवारी 2005 ला उठला. मुक्त व्यापाराचे धडे आपल्याला देणाऱ्यांनी गरीब देशांच्या कापडाला चाळीसएक वर्षे मोजून-मापून आत घेतले. नागपूरच्या एम्प्रेस मिलने, 1877 मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीने, कोटा उठायच्या आधीच 2002 मध्ये शेवटचा भोंगा दिला. तिच्या बंद पडण्याला इतरही कारणे होती, तरी विदर्भाचा कापूस विदर्भात कापड होण्याची सोय जवळपास संपली ती तेव्हाच.

आणखी एक व्यवहार आहे ज्यात पैसा मोजलाच जात नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी बीटी कापसाचे बोंड आतून खाल्ले होते, पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत उंच वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. त्या हंगामात फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होते, जे अमेरिकेत 1988 मध्येच बंद झाले. डायफेन्थियुरॉन होते, जे स्वित्झर्लंडने आपल्या शेतातून 2009 मध्ये हटवले होते. यवतमाळच्या कुटुंबांनी त्यासाठी थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. 2021 पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉससह पाच औषधांची निर्यातच थांबवली. फ्रान्सनेही 2022 पासून घरी बंदी असलेल्या कीटकनाशकांची निर्यात रोखायला सुरुवात केली. हे त्यांनी आपल्या कायद्याने केले. आपल्या बाजूने कुठल्या व्यापार करारात ही अट कुणी मांडली असेल तर मला ती वाचायला आवडेल. आपल्या द्राक्षाच्या पेटीत त्यांच्या मर्यादेपेक्षा कणभर औषध सापडले तर ती पेटी परत येते. तेच औषध त्यांच्याकडून आपल्याकडे येताना आपण काहीच विचारत नाही.

फवारणी करताना गेलेल्यांचा किंवा आत्महत्या केलेल्यांचा आकडा पुढे करून दया मागायला मी हे लिहिलेले नाही. दया खूप झाली, पॅकेजेस झाली, समित्या येऊन गेल्या. मागणी आहे ती व्यवहाराची.

पहिली मागणी, कापसावरचे आयात शुल्क ऑक्टोबर ते मार्च या काळात हलवू नका. वर्षभरात काही बदल करायचाच असेल तर तो मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाहीर करा, म्हणजे आम्हाला किती एकर कापूस लावायचा हे ठरवता येईल. बियाण्याचे पाकीट घेताना जो नियम आहे तोच कापूस विकताना असावा, एवढी तर अपेक्षा ठेवता येते. आणि ज्या वर्षी शुल्क माफ कराल त्या वर्षी हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक थेट खात्यात द्या, ओलाव्याच्या आणि केंद्राच्या अटीशिवाय, त्या 42 सेंटवाल्यांना मिळतो तसा.

अमेरिकेशी किंवा कुणाशीही करार करताना कापूस ही समोरच्याचे तोंड गोड करायची वस्तू समजू नका. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या 2022 च्या करारात 51,000 टन, म्हणजे तीन लाख गाठी, कापूस बिनशुल्क यायला वाट दिली. तो लांब धाग्याचा आहे, आपल्या गिरण्यांना लागतो, हे मान्य. पण तीन लाख गाठींची वाट एकदा दिली की पुढचा देश पाच लाख मागतो. असा प्रत्येक कोटा देण्याआधी विदर्भातल्या मंड्यांमध्ये भावावर काय परिणाम होईल याचा अंदाज मराठीत छापून लोकांसमोर ठेवा.

जिनिव्हात माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड यांच्या शेजारी जाऊन बसा. तोंडी पाठिंबा आपण अनेकदा दिला असेल, मी त्याबद्दल बोलत नाही. 1986-88 ची संदर्भ किंमत कापसासाठी मान्य नाही आणि अमेरिकेची 19.1 अब्जांची मुभा जोवर आहे तोवर आमच्या हमीभावावर कुणी बोट ठेवू नये, हे त्यांच्याबरोबर लेखी मांडा. बालीचे संरक्षण कापसालाही मागा. कापूस खाल्ला जात नसेल, पण आमच्या घरातली ज्वारी आणि तूरडाळ कापसाच्याच पैशातून शिजते, हे तिथे कुणीतरी सांगायला हवे. आणि औषधांच्या बाबतीत प्रत्येक करारात एक ओळ घाला : जे तुमच्या शेतात बंद ते आमच्याकडे विकू नका.

हे पत्र आमच्या कंपनीच्या सभेत वाचून दाखवून मगच पाठवत आहे. सभासदांनी एक भर घालायला सांगितली. वाटाघाटींना जाण्यापूर्वी आपल्यापैकी कुणीतरी नोव्हेंबरात, वेचणीच्या दिवसांत, जिल्ह्यातल्या एखाद्या बाजार समितीत सकाळी सातला यावे आणि गाड्यांची रांग सुटेपर्यंत थांबावे. आगाऊ तारीख कळवली तर चहा-जेवणाची सोय आम्ही करू. भाषेची अडचण असेल तर दुभाषी म्हणून मी असेन.

उत्तराची वाट पाहत आहे. यंदाची पेरणी त्याआधी होईल, तेव्हा शुल्काबाबत तेवढे मेअखेर कळवावे.

आपली,
एक कापूस उत्पादक
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ